धुरपताबाईचा पुढचा धडा

मी रुख्मिणी. वडनेरले हायवेच्या अंगाले आमचं जनरल स्टोअर्स हाय. तेल-साबणापासून त वही-पेनापर्यंत सगळं भेटते. दुकान नावाले आमच्या ह्यायचं, पण सकाळी शटर वर कराचं अन् दिवसभर गिऱ्हाइकाइच्या तोंडी लागाचं काम माझं. मले राग लवकर येते, हे गावात सगळ्याइले माहीत हाय. आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत मी धुरपताबाईवर चिडली, तिच्या नातीवर चिडली, अन् नागपूरच्या एका मॅडमवर त फोनवर चिडली, जिले मी कधी पाह्यलं बी नोतं.

धुरपता कुमरे म्हणजे आमच्या गावची आंगणवाडीवाली बाई. तेहतीस वर्ष तिनं आंगणवाडी चालवली. माझे दोन्ही लेकरं तिच्याच हाताखाली अ-आ शिकले. गोंडाची बाई, घरी भावासंग गोंडी बोले, गावात आमच्यासारखं बोले, अन् तपासणीले साहेब आले का पुस्तकातलं मराठी काढे. शिक्षण दहावी. सगळं गाव तिले नुसतं 'बाई' म्हणते. दोन वर्षांआधी रिटायर झाली, तवा ग्रामपंचायतीत हार घातला, नारळ देल्लं, अन् दुसऱ्या दिवशीपासून तिले काहीच काम राह्यलं नाई. सकाळी दहा वाजता ती उगाच आंगणवाडीपुढून एक चक्कर मारून येई. मी दुकानातून पाहो.

तिची नात स्वीटी हिंगणघाटले बी.ए. करते. मायबाप नागपूरले कामाले, म्हणून पोरगी आजीपाशी राह्यते. कॉलेजनं सांगतलं होतं का बी.ए. पूर्ण कराले बाहेरच्या एखाद्या भाषेचं सर्टिफिकेट लागन. स्वीटी उशिरा जागी झाली. जर्मन भरलेलं, जपानी भरलेलं. उरलं होतं एकच, जुनं ग्रीक. जुनं म्हणजे आजचे ग्रीक लोक बोलतेत ते बी नाई, दोन-अडीच हजार वर्षांआधीचं. पोरीनं डोळे मिटून नाव टाकून देल्लं. वर्ग मोबाइलवर होता, मंगळवार अन् शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात. नागपूरच्या सुरभी मॅडम मराठीतून शिकवत.

आता गंमत पाहा. सहा ते सात हाच स्वीटीचा ग्राउंडचा टाइम. पोलीस भरतीची तयारी चालू होती तिची, रोज शाळेच्या मैदानावर धावे. दोन्हीपैकी का सोडन ती? ग्रीक सोडलं. पण हजेरी त लागलीच पाह्यजे. मंग आपला जुना मोबाइल आजीच्या हाती देल्ला अन् म्हणली, आजी, तू नुसतं 'प्रेझेंट मॅडम' म्हणजो अन् फोन बाजूले ठेवून देजो, कॅमेरा लावू नको.

दुसरी कोणी बाई असती त म्हणली असती का हे खोटं होय. धुरपताबाईले त्यात काहीच वावगं वाटलं नाई. आंगणवाडीत तिनं तेच केलं होतं. पोट्टं तापानं घरी पडलं असन अन् त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिलं, त त्याची थ्या दिवसाची खिचडी गेली. मंग बाई त्याले हजर लिहे अन् दुपारी डबा घेऊन त्याच्या घरी जाय. लेकरू जागेवर नसन त आपण त्याच्या वतीनं 'हजर' म्हणाचं, हे तिच्या लेखी पाप नाई, कामाचा भाग होता. गलती झाली त इथंच झाली, अन् अशी गलती आंगणवाडीवालीच करू शकते.

त्याइचं घर नाल्याच्या उतारात हाय, तिथं नेटवर्क येत नाई. आमच्या दुकानात माझ्या पोरानं, अंकितनं, वायफाय लावून ठेवलं. म्हणून बाई संध्याकाळी इथं येई अन् मागच्या बाजूले तांदळाच्या कट्ट्यावर, म्हणजे भरल्या पोत्यावर, बसे. पयल्या दिवशी 'प्रेझेंट मॅडम' म्हणली अन् फोन ठेवणारच होती, तेवढ्यात मॅडम सांगू लागल्या का या भाषेत बी आपल्यासारखे तीन लिंग हायेत, तो, ती अन् ते. इंग्रजीवाल्याइले हे डोक्यावरून जाते, आपल्याले आईच्या पोटातून येते. बाईनं फोन ठेवला नाई. मले म्हणली, रुख्मिणी, जराशी ऐकून घेतो अन् मंग जातो. तास संपला तरी उठली नाई.

पयला महिना मले वाटे का बाई कोणता त मंत्र म्हणून राह्यली. मंग समजलं. ग्रीकमध्ये 'हो' म्हणजे आपला तो, 'हे' म्हणजे आपली ती, अन् 'तो' म्हणजे आपलं ते. पाहा कसा घोळ हाय. मी म्हणली, बाप्पा, हे लोक सरळ बोलत नोते का. बाई म्हणली, त्याइले आपलं वाकडं वाटलं असतं.

दुसऱ्या महिन्यात मॅडमनं एकेकाचं नाव घेऊन इचारणं चालू केलं. स्वीटी, शेतकरी बैल सोडतो, हे कसं म्हणशील? माझ्या हातात साखरेचं माप होतं, ते तसंच राह्यलं. मले वाटलं आता बाई घाबरून फोन बंद करन. तिनं पदर नीट केला, जसं काही मॅडमले दिसूनच राह्यलं होतं, अन् हळूच म्हणली, 'हो गेओर्गोस तूस बूस लुएइ.' तिचा गळा पयलेपासून बारीक, बडबडगीतं म्हणून म्हणून तसाच राह्यलेला. हा आवाज स्वीटीचा नाई, हे मॅडमले समजलंच नाई. 'शाब्बास स्वीटी' म्हणल्या. सहासष्ट वर्षाच्या बाईले शाब्बास. थ्या दिवशी ती माझ्या दुकानातून निंगाली तवा घेतलेलं सामान बी कट्ट्यावर विसरून गेली.

मंग तिचा अभ्यास चालू झाला अन् माझं डोकं दुखणं चालू झालं. बाईले बसून पाठ करणं जमतच नोतं. तेहतीस वर्ष तिनं सगळं हातवारे करून शिकवलं, त आता शिके बी तसंच. उभी राह्यची. लुओ म्हणे अन् आपल्या छातीवर हात ठेवे. लुएइस म्हणे अन् माझ्याकडे बोट दाखवे. लुएइ म्हणे अन् रस्त्यावरून जो कोणी जाईन त्याच्याकडे बोट दाखवे. एक दिवस रस्त्यावरून आमचे उपसरपंच जाऊन राह्यले होते. ते थांबले, इचारलं का झालं. मी म्हणली, काही नाई भाऊ, तुम्हाले सोडून राह्यली. लुओ म्हणजे सोडणं ना. ते आजपर्यंत माझ्याशी नीट बोलत नाईत.

पाटी-खडू तिनं घरून आणली. आंगणवाडीतल्या जुन्या वजनाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूले अक्षरं काढली अन् माझ्या बिस्किटाच्या रॅकले चिकटवली. मी चिडली, म्हणली, बाई, गिऱ्हाइकाले बिस्कीट दिसू द्या. दोन दिवस काढली, तिसऱ्या दिवशी पुन्हा लावली. बिस्कीट घ्याले येणारे पोट्टे ते पाहून अल्फा, बीटा म्हणू लागले, मंग मी बी तक्ता राहू देल्ला. सगळ्यात जास्त तिले नवल कशाचं वाटे, सांगू? का इतक्या जुन्या माणसाइनं बी बकऱ्या, बैल, शेजारीण, भांडण हेच लिहून ठेवलं. मले वाटलं होतं काही मोठ्ठं ज्ञान असन, असं ती म्हणे. अन् कधी कधी उलटं इचारे. रुख्मिणी, त्याइचं गाव राह्यलं नाई, घरं राह्यले नाईत, बोलणं मातर कागदावर राह्यलं. आमच्या घरात बोलतो ते लिहिलेलं मी एक पान पाह्यलं नाई, असं काऊन? मले का माहीत. मी म्हणली, तुम्हीच लिहा ना. ती हसली अन् पाटी पुसली.

आता मेलित्ताचं सांगतो, नाईत त पुढचं समजणार नाई. सुरभी मॅडमनं शिकवासाठी स्वतः एक गोष्ट रचली होती, धड्याधड्यानं पुढे जाणारी. एका बेटावर मेलित्ता नावाची बाई राह्यते, एकटी, मधमाश्या पाळते. एका संध्याकाळी तिच्या दारावर थाप पडते. बाहेर कोणी त माणूस हाय, बोलत नाई, नुसता दार वाजवते. आपलं नाव सांगत नाई. प्रत्येक धडा अर्ध्यावर तुटे. बाई ते मराठीत करून आम्हाले सांगे. शुक्रवारी सातच्या टाइमले चार-पाच बाया फालतूच माझ्या दुकानात येऊन उभ्या राहत, एक काडेपेटी घेत अन् इचारत, तिनं दार उघडलं का वं बाई? सपना, आमच्या शेजारची सून, त म्हणे का तो तिचा नवराच होय. मी म्हणे, चोर होय. घरी जेवताना बी मी तेच बोलो. आमचे हे म्हणत, इथं नळाले पाणी नाई अन् तुम्हाले त्या बेटावरच्या चोराचं पडलं.

असं करता करता दीड वर्ष गेलं. पयलं पुस्तक संपलं, दुसरं लागलं. आता नुसतं 'शेतकरी बैल सोडतो' राह्यलं नोतं. 'बैल सोडत सोडत शेतकऱ्यानं वाटसरूले पाह्यलं', असे लांब वाक्यं. पुण्याचा एक इंजिनियर होता वर्गात, तो तिथं अडकून बसला. बाईले काहीच वाटलं नाई. म्हणली, आपण रोज तसंच बोलतो, रडत रडत आली, खाऊन राह्यला, पळता पळता पडला. मॅडमनं तिचं उत्तर साऱ्या वर्गाले पुन्हा वाचून दाखवलं. नाव अर्थातच स्वीटीचं.

स्वीटी तिकडे धावत होती. अन् मॅडमनं सांगतलं का दुसऱ्या पुस्तकाची तोंडी परीक्षा होईन, कॅमेरा लावून, चेहरा पाहून, कारण सर्टिफिकेट त्यावर भेटन. जे पास होतील त्यातले सहा जण वाचनवर्गात जातील. तिथं मेलित्ताची उरलेली गोष्ट पूर्ण होईन, अन् मंग खरे जुने पुस्तकं उघडतील, जे त्याच लोकाइनं लिहिलेले हायेत. वाचनवर्गात सगळे चेहरा दाखवूनच बसतेत.

हे ऐकून बाई घरी गेली नाई. कट्ट्यावर बसूनच राह्यली. मी इचारलं, का झालं? म्हणली, आता कसं करू वं, मले त पुढे जाचं हाय. मी तिले इतक्या वर्षांत कशासाठी तोंड उघडून मागताना पाह्यलं नोतं. मले रागच आला, म्हणली, मंग पयल्याच दिवशी आपल्या नावानं काऊन नाई बसल्या? ती म्हणली, तवा मले का माहीत होतं का मले आवडन.

स्वीटीनं तोड काढली. पोरगी हुशार, नको तिथं जास्त. कॅमेऱ्यापुढे मी बसतो, म्हणली, अन् आजी फोनच्या मागे पाटी घेऊन उभी राहीन. आजीनं पाटीवर लिहाचं, मी वाचाचं. सर्टिफिकेट आलं का झालं. वाचनवर्गाचं तिनं नावच काढलं नाई. मी म्हणली, अन् आजीचं? त म्हणली, काकू, आजीले सर्टिफिकेट घेऊन कोठी नोकरी कराची हाय? बाईनं होकार देऊन टाकला. मी दोघीइवर बी चिडली, पण दुकान माझंच वापरलं, हे बी खरं हाय.

परीक्षेच्या दिवशी मी शटर अर्धं खाली केलं. स्वीटी इस्त्रीचा ड्रेस घालून खुर्चीवर बसली. फोन लोणच्याच्या बरणीले टेकवून ठेवला. मॅडमनं उतारा पाठवला, तो माझ्या मोबाइलवर घेऊन बाई बरणीमागे उभी. तिथून पाटीवर मराठीत अर्थ लिहे, स्वीटी वाचे. पयले तीन वाक्यं मस्त झाले. मले वाटलं, निभावलं.

मंग मॅडम म्हणल्या, 'स्वीटी, आता पुस्तक बाजूला ठेव. मेलित्ता शेवटी दार उघडायला उठते. का उठते, तुला काय वाटतं? मराठीतच सांग, तुझ्या शब्दांत.'

स्वीटीले मेलित्ता कोण तेच माहीत नोतं. पाटीवर एवढं लिहिता बी येत नोतं. पोरीचे कान लाल झाले. मॅडम म्हणल्या, सावकाश सांग. स्वीटीची हनुवटी थरथरू लागली, अन् मी पाह्यलं, बाईनं पाटी खाली ठेवली.

आंगणवाडीत कोणतं पोट्टं अडकलं, रडाले आलं, त बाई दुरून कधीच उत्तर सांगत नसे. उठून त्याच्यापाशी जाय, खाली बसे, पाठीवर हात ठेवे अन् मंग त्याच्यासंग म्हणे. तेहतीस वर्षाची सवय. थ्या दिवशी बी तिनं इचार केला असन असं मले वाटत नाई. बरणीच्या मागून निंगाली, स्वीटीपाशी येऊन बसली, पाठीवर हात ठेवला. कॅमेऱ्यात दोघी बी दिसल्या.

'तिले माहीत नाई मॅडम,' बाई म्हणली. 'मी सांगतो. मेलित्ताले भेव वाटते. पण ती म्हणते का आज दार नाई उघडलं, त बाहेर कोण होतं हे मले मरेपर्यंत समजणार नाई. म्हणून ती उठते.'

मॅडमनं मंग इचारलं, 'तुम्ही कोण?' बाईनं सांगतलं, मी स्वीटीची आजी. मॅडम म्हणल्या, 'हा आवाज मी ओळखते. दीड वर्ष मी कोणाशी बोलत होते?' त्याइचा आवाज रागाचा नोता, दुखावल्यासारखा होता. अन् फोन बंद झाला.

स्वीटी तिथंच आजीवर ओरडली, तुले समोर याले कोण म्हणलं होतं. चप्पल न घालता घरी गेली. बाईनं पाटी पुसली, तक्ता काढला, घडी केला अन् पिशवीत टाकला. मी शटर वर केलं.

पुढच्या मंगळवारी सहा वाजता बाई आली अन् कट्ट्यावर बसली. फोन पिशवीतच, वर्ग नाई. तासभर बसली अन् गेली. शुक्रवारी बी तसंच. मी रागावू शकली नाई. चहा करून देल्ला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी फोन वाजला. सुरभी मॅडमच होत्या. बाईनं आवाज मोठा केला, म्हणून मी बी ऐकलं, अन् स्वीटी तेल घ्याले आलती, तिनं बी ऐकलं. मॅडमनं सरळ सांगतलं. अजून मी निकाल पाठवला नाही. दोन मार्ग आहेत. मी गप्प राहिले तर स्वीटीचं सर्टिफिकेट निघेल, पण मग तुम्हाला वाचनवर्गात घेता येणार नाही, एक खोटं लपवायला मी दुसरं करणार नाही. किंवा मी खरं लिहीन. स्वीटीचं रद्द होईल, आणि तुम्ही तुमच्या नावानं परीक्षा द्याल. शुक्रवारपर्यंत सांगा.

मी फोन हातात घेतला अन् मॅडमवर चिडली. म्हणली, बुढ्या माणसाले असा पेच कशाले टाकता, दोघीइले बी पास करून टाका, तुमचं का जाते. मॅडम शांतपणे म्हणल्या, 'एका परीक्षेला दोन नावं मला लिहिता येत नाहीत, ताई.' त्यावर मले जास्तच राग आला, फोन बाईच्या हाती कोंबला.

तीन दिवस साऱ्याइनं बाईले सल्ले देल्ले. आमचे हे म्हणले, बुढीले का कराचं ग्रीक, पोरीचं साल वाया जाईन. सपना म्हणली, नातीसाठी आजी एवढं बी नाई करन का. खरं सांगतो, मी बी तेच म्हणली. पोरीचं पाहा बाई, म्हणली. मले पक्कं माहीत होतं का ती सोडून देईन. आपल्याकडच्या बाया हेच करतेत. मले डी.एड. कराचं होतं, भावाचं ॲडमिशन पयले म्हणून राह्यलं, अन् मी त कोणाले सांगतलं बी नाई का मले कराचं होतं.

गुरुवारी दुपारी ती दुकानात आली. गिऱ्हाईक नोतं. म्हणली, 'रुख्मिणी, मी तेहतीस वर्ष लोकाइच्या लेकराइले पयला धडा शिकवला. सहा वर्षाचं झालं का लेकरू शाळेत जाय, अन् मी नव्या पोट्ट्याइसंग पुन्हा अ पासून. पुढच्या धड्यात का असते, हे मी कधी पाह्यलंच नाई.'

मी इचारलं, अन् पोरगी?

'पोरगी दुसरा पेपर देईन. तिच्यापाशी अजून लय सालं हायेत. माझ्यापाशी मोजून.' एवढं बोलून ती गेली. मी दिवसभर कोणावर चिडली नाई, आमच्या ह्यायनं इचारलं बी का तब्येत बरी हाय ना.

शुक्रवारी सहा वाजता तिनं स्वतः फोन लावला. स्वीटीले समोर बसवलं, मागून समजाले नको म्हणून. मॅडमनं फोन उचलला अन् बाई म्हणली, 'खरं लिहा मॅडम. मले वाचाचं हाय.'

स्वीटी उठली, बूट घातले अन् ग्राउंडवर गेली. थ्या दिवशी अंधार पडेपर्यंत धावत होती, असं सपनानं सांगतलं. सर्टिफिकेट रद्द झालं. कॉलेजनं तिले त्या बदली दुसरा पेपर घ्याले लावला, निकाल सहा महिने लांबला. पोरगी आजीच्या हातची भाकर खाये, पण आजीशी बोले नाई. बाई बी माफी मागाले गेली नाई. तिले वाईट वाटत होतं, मले म्हणली बी, रात्री झोप लागत नाई. पण गलती केली असं ती एकदा बी म्हणली नाई.

तिची परीक्षा झाली, दीड तास, कॅमेऱ्यापुढे, नवं लुगडं नेसून. मी यावेळी शटर अर्धं केलं नाई, सगळं उघडं ठेवलं. बसून येतच नोतं म्हणून मॅडमले इचारून ती उभी राह्यली अन् हातवारे करून सांगू लागली. मॅडम हसत होत्या. भूतकाळाच्या रूपात तीन गलत्या झाल्या. पास झाली.

मंग आला वाचनवर्गाचा फॉर्म. मोबाइलवर भराचा, अन् थ्याच दिवशी शेवटची तारीख. अंकित गावाले गेलता. मी अन् बाई दोघी चष्मे लावून अर्धा तास त्याच्याशी झगडत होतो, एक बटन दाबलं का सगळं उडून जाय. तेवढ्यात स्वीटी शाम्पूची पुडी घ्याले आली. उभी राहून पाह्यलं. मंग आजीच्या हातून मोबाइल ओढून घेतला अन् कट्ट्यावर बसली.

नाव टाकलं, धुरपता कुमरे. वय, गाव, शिक्षण सगळं टाकलं. पुढे व्यवसाय इचारला होता. स्वीटीनं टाकलं, सेवानिवृत्त. बाई मागून वाकून वाचत होती. म्हणली, ते खोड.

मीच इचारलं, 'मंग का लिहाचं?'

'विद्यार्थी लिही.'

मले रडू आलं, अन् मी ते लपवलं बी नाई. स्वीटीनं वर पाह्यलं नाई. पयलं खोडलं, एकेक अक्षर दाबत नवं लिहिलं, मोबाइल आजीच्या चष्म्यापुढे धरला अन् इचारलं, 'पाह्य आजी, बरोबर हाय का?' तीन आठवड्यात पोरीनं आजीले इचारलेली ती पयली गोष्ट होती.